रविवारचं निरीक्षण

सोहोनी साहेबांच्या घरी वेगळं देवघर नव्हतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला एक लांब लाकडी फळी ठोकली होती. तिच्यावर डाव्या अंगाला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळिग्राम. उजव्या अंगाला सूक्ष्मदर्शक, थर्मामीटर आणि काचेच्या नळ्या. मधे पडदा नाही, पाटी नाही. दसऱ्याला साहेब सगळ्यांना सारखी फुलं वाहायचे. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला झेंडूची माळ घातलेली मी त्यांच्याच घरी पहिल्यांदा पाहिली. कोणी हसलं की ते म्हणायचे, "दारं दोन आहेत. खोली एकच आहे."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की आमच्या बुवापाड्यातल्या बायकाही ते म्हणायला लागल्या होत्या. नळावर कोणी वाद घातला की दुसरी म्हणायची, "जाऊ दे गं, दारं दोन, खोली एक." अर्थ बसो न बसो.

साहेब अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे मुख्य होते. माझे यजमान, शंकर शिंदे, त्याच कारखान्यात ॲसिडच्या खात्यात कामाला. साहेब कंपनीच्या क्वार्टर्समधे राहायचे, आम्ही बुवापाड्यात दोन खोल्यांत. कामगारानं साहेबाच्या घरी जायचं ते दिवाळीला, दाराबाहेर उभं राहून मिठाई द्यायला. पण सोहोनी साहेबांकडे दर रविवारी सकाळी बैठक असायची आणि तिथे सतरंजीवर कोणी कुठेही बसायचं. शाळेचे मास्तर, पोस्टातले कारकून, उल्हासनगरचे एक सिंधी दुकानदार, आमच्यासारखी चार-दोन कामगारांची जोडपी. कारखान्यात साहेब माझ्या यजमानांना "शिंदे" म्हणायचे. रविवारी "शंकरराव" म्हणायचे. त्या एका हाकेसाठी हे आठवडाभर वाट बघत.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, अजूनही होतो. पहिल्या दिवशी मी दारातच चपलांच्या जवळ बसले. साहेबांनी बघितलं, पण पुढे बोलावलं नाही. नुसते म्हणाले, "ताई, तिथे वारा चांगला येतो. हुशार आहात." सगळे हसले आणि मला मात्र त्या हसण्यात बरं वाटलं. पुढे ती जागा माझीच झाली.

साहेब उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या मोठ्या. सदऱ्याच्या खिशाला ॲसिडनं पडलेली बारीक भोकं असायची. वास घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. नाक कधी पुढे न्यायचे नाहीत. वस्तू दूर धरायची आणि दुसऱ्या हातानं तिच्यावरचा वारा हळूच नाकाकडे आणायचा. उदबत्तीचा वास तसाच, फुलाचा तसाच. एकदा सोहोनी वहिनींनी आमटीचं भांडं समोर ठेवलं तर त्यांनी तिथेही हात हलवला. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमटी आहे ती. कारखान्यातली नाही." साहेब म्हणाले, "सवय चांगली असली की ती सगळीकडे चांगली." वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नात माझ्या वेणीचा वास पण असाच घेतला होता यांनी. माझे वडील घाबरले, म्हणाले, मुलाच्या हाताला काही दुखणं आहे का!"

तो सूक्ष्मदर्शक त्यांनी उल्हासनगरच्या बाजारात जुना घेतला होता. माझे यजमान उचलायला म्हणून बरोबर गेले होते आणि ती हकीकत घरी येऊन त्यांनी मला चवीनं सांगितली. दुकानदार सिंधी, लछमनदास त्यांचं नाव. साहेब तासभर काच डोळ्याला लावून बसले. शेवटी लछमनदास म्हणाले, "साईं, लेना है तो लो. इसमें से भगवान भी दिखेगा."

साहेब काचेवरून डोळा न काढता म्हणाले, "वही तो देखना है."

लछमनदास इतके चकित झाले की पुढच्या रविवारी बैठकीला येऊन बसले. आणि मग येतच राहिले. ते अधूनमधून विचारायचे, "साहबजी, आत्मा का वजन कितना?" साहेब म्हणायचे, "तुमच्या तराजूवर येईल एवढं नाही." आणि लछमनदास मांडीवर थाप मारून हसायचे, "तो फिर मेरे काम का नहीं!"

त्या सूक्ष्मदर्शकातून साहेबांनी आम्हाला एकदा तीर्थ दाखवलं. आदल्या दिवशीचं, ताम्हनात राहून गेलेलं. एकेकानं डोळा लावायचा. माझी पाळी आली तेव्हा मी आधी देवाला नमस्कार केला आणि मग वाकले. त्या थेंबात काही तरी पळत होतं. बारीक, पारदर्शक, शेपटीवालं. इकडून तिकडे जात होतं, थांबत होतं, परत जात होतं. पोस्टातल्या कारकुनांची आई तिथेच रडायला लागली. "म्हणजे आजवर आम्ही हे प्यालो?"

सोहोनी वहिनी संतापल्या. "दाखवायचं काय कारण होतं? लोकांची श्रद्धा घालवाल तुम्ही."

साहेब शांतपणे म्हणाले, "जी श्रद्धा एका थेंबात बुडते ती जाऊ दे. आजी, ते जे पळतंय ना, तेही त्याचंच आहे. उद्यापासून पाणी उकळून तीर्थ करा. उकळल्यानं भक्ती कमी होत नाही."

त्या दिवसापासून मी पाणी उकळायला लागले. आमच्या चाळीत पावसाळ्यात घराघरात जुलाब व्हायचे, आमच्याकडचे थांबले. देवालाही उकळलेलंच पाणी. मला तेव्हा काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं की लहानपणी शाळा सुटली तेव्हा माझं जे काही तुटलं होतं, ते हा माणूस जोडून देतोय.

एकदा ते आम्हा सगळ्यांना शिवमंदिरात घेऊन गेले. खिशात थर्मामीटर. आतला गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. साहेबांनी बाहेर उन्हात थर्मामीटर बघितला, मग खाली उतरून पिंडीजवळ धरला. पुजारी बघतच राहिला. वर आल्यावर साहेबांनी विचारलं, "खाली शांत वाटलं ना? का वाटलं? तिथे गार आहे. अंधार आहे. आणि आपण वाकून, पाय सांभाळत उतरलो, त्यामुळे मन दुसरीकडे गेलं नाही. आता कारण कळलं. शांती कमी झाली का?"

मग माझे यजमान म्हणाले, "नाही साहेब. उलट बांधणाऱ्याचं कौतुक वाटलं."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "शंकरराव, हेच. हेच मला आयुष्यभर सांगायचं आहे."

बैठकीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे निरीक्षण. आधी सगळ्यांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग एकेकानं त्या आठवड्यातलं स्वतःबद्दलचं एक निरीक्षण सांगायचं. प्रयोगशाळेत सांगतात तसं, कोरडं. कोणी "मला वाटलं" म्हटलं की साहेब बोट वर करायचे. "वाटलं नको. दिसलं ते सांगा." कोणी हसायचं नाही, उपदेश करायचा नाही आणि तिथे ऐकलेलं त्या सतरंजीबाहेर न्यायचं नाही, हा नियम. साहेब म्हणायचे, "वैज्ञानिक जसा नळीकडे बघतो तसं माणसानं स्वतःकडे बघायला शिकलं पाहिजे. साधना म्हणजे दुसरं काही नाही."

त्या खोलीत माणसं काय काय बोलली! मास्तर म्हणाले की वडील आजारी असताना मी त्यांच्या मरणाची वाट बघत होतो. लछमनदास एकदा म्हणाले, "आज मैंने माप में बेईमानी की," आणि मग सगळा वेळ मान खाली घालून बसले. कोणी त्यांना काही बोललं नाही. पुढच्या वेळी ते सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले.

माझ्या यजमानांचं निरीक्षण विडीचं होतं. मलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. साताऱ्याकडून नवे नवे आले तेव्हापासून पाळी सुटली की कारखान्याच्या मागे एक विडी ओढायचे, मग वेलदोडा खाऊन घरी. त्यांनी ते त्या सतरंजीवर सांगितलं आणि म्हणाले, "आज सोडतो." खिशातलं बंडल काढून साहेबांच्या पायाशी ठेवलं. साहेबांनी ते उचलून खिडकीबाहेर टाकलं. येताना मी रस्ताभर यांच्याशी अबोला धरला आणि घराजवळ आल्यावर दोघेही हसलो. त्यांनी पुन्हा विडीला हात लावला नाही. आता नुसत्या वेलदोड्याच्या वासावरूनही मी ओळखलं असतं.

मी त्या खोलीत एकदाच बोलले.

तेव्हा यांना खोकला सुरू झाला होता. ॲसिडच्या खात्यात पिवळा धूर सुटायचा. टाकीचं झाकण नीट बसलं नाही की जास्त. तोंडाला ओलं फडकं बांधून काम करायचे. कामगार त्या धुराला "हळद" म्हणायचे. "आज लई हळद लागली" म्हणजे आज धूर जास्त होता. खोकून खोकून यांच्या उशीवर पिवळसर डाग पडायचे. त्याच वर्षी सासूबाई वारल्या आणि आम्ही महिनाभर गावी राहिलो. गावी खोकला गेला. परत आलो, हे कामावर रुजू झाले आणि खोकला परत आला.

त्या रविवारी साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तसे ते दर वेळी बघायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. पण मी बोलले. जमिनीकडे बघत म्हणाले, "गावी यांना खोकला नव्हता. इथे आहे. घरी असतात तेव्हा कमी, कामावर असतात तेव्हा जास्त."

साहेब सगळ्यांकडे वळले. मग म्हणाले, "ऐकलंत? यात एकसुद्धा 'वाटतं' नाही. ताईंनी तुलना केली. मी माझ्या हाताखालच्या पदवीधर पोरांना हे शिकवतो." माझे कान तापले. मला हे ऐकायला बरं वाटलं हे मी लपवत नाही.

मग ते यांना म्हणाले, "शंकरराव, रोज पहाटे दीर्घ श्वसन करा. फुफ्फुसं बळकट होतील. श्वास हे असं एकच ठिकाण आहे जिथे शरीर आणि चैतन्य एकमेकांना हात लावतात." त्यांनी समोर बसवून शिकवलं. किती आत, किती थांबायचं, किती बाहेर. हे रोज पहाटे आमच्या गच्चीवर बसायला लागले. पहाटेच्या वेळी कारखाने धूर सोडतात हे अंबरनाथमधे लहान मुलालाही माहीत. मीही एकदा म्हणाले, "आत बसा ना." हे म्हणाले, "साहेबांनी मोकळ्यावर सांगितलंय. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दोन पावसाळे गेले. यांना जिना चढताना मधे थांबावं लागायला लागलं. विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "खातं बदलून घ्या, नाही तर कठीण आहे." यांनी अर्ज दिला. खातं बदलायचं तर कंपनीनं मान्य करायला हवं की दुखणं खात्यामुळे झालं. एकाचं मान्य केलं तर त्या खात्यातल्या सगळ्यांचं करावं लागणार, म्हणून कंपनीनं चौकशी लावली. यांच्या बाजूनं युनियनतर्फे गणपत म्हात्रे बसणार होता. तो बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, यांच्याच खात्यातला, तोंडाचा फटकळ. बैठकीला कधी आला नाही. म्हणायचा, "तुमच्या सायबाचा देव न् सायन्स एका फळीवर ऱ्हातात, मंग कामगार न् मालक का नाय ऱ्हात?"

तज्ज्ञ म्हणून चौकशीला सोहोनी साहेबांना बोलावलं होतं. हे कळल्यावर आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तर शेजारणीला सांगून आले, "आता काही काळजी नाही, साहेब आहेत."

त्या दिवशी हे घरी आले ते म्हात्रेच्या खांद्यावर हात ठेवून. हे बसले. म्हात्रे उभाच राहिला. मी पाणी दिलं.

"वयनी, तुमच्या सायबानं आज कीर्तन केला," म्हात्रे म्हणाला. "पयला त्यांना इचारला, खात्यात ग्यास किती असतो? सायेब बोलला, मर्यादेत असतो, माझ्या तपासण्या तेच सांगतात. मंग इचारला, तर शिंद्याला खोकला कशानं? ठावं हाय काय बोलला?"

हे म्हणाले, "म्हात्रे, राहू दे."

"का ऱ्हाऊ दे? बोलला, शिंदे पूर्वी विडी ओढत असे. त्यानं स्वतः माझ्याकडे कबूल केलंय."

मी यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"मी बोललो ना," हे हळूच म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, विडी तुमच्यासमोर सोडली, वर्षं झाली. तर म्हणाले, फुफ्फुस विसरत नाही, शिंदे."

"आणि गावचं?" मी विचारलं. "गावी खोकला नव्हता, ते?"

म्हात्रे म्हणाला, "त्याचं नावच नाय काढलं."

एकाच सतरंजीवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक यांनी, एक मी. साहेबांनी दोन्ही नीट ऐकून घेतल्या होत्या, दोन्ही त्यांच्या लक्षात होत्या. त्यातली एक त्यांनी चौकशीत नेली आणि दुसरी घरी ठेवली.

अर्ज नामंजूर झाला. हे त्याच खात्यात राहिले.

मी आयुष्यात कोणाच्या दारात जाब विचारायला गेले नव्हते. सोहोनी साहेबांच्या गेले. संध्याकाळची वेळ होती, वहिनी बाहेर गेल्या होत्या. साहेबांनी दार उघडलं, "या ताई" म्हणाले, खुर्ची पुढे केली. मी दारातच उभी राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, तोंडातून एवढंच आलं, "साहेब, तुम्हाला माहीत होतं."

ते नाही म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ताई, कारखान्यात मी कारखान्याचा माणूस आहे. तिथे मला ज्याचा आकडा आहे तेवढंच बोलता येतं. बैठक ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हीची गल्लत करून चालत नाही."

मी फळीकडे बघितलं. बाळकृष्णासमोर निरांजन होतं आणि त्याचा उजेड सूक्ष्मदर्शकाच्या पितळेवर पडला होता.

"शंकररावांना सांगा, श्वासाकडे बघत राहायचं," ते म्हणाले. "शरीराचे भोग शरीरापाशी. साक्षी व्हायचं. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो." आणि हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचं काय करायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ढोंगी माणूस असता तर मी त्याला विसरले असते.

घरी येताना माझ्या एवढंच ध्यानात आलं की या माणसानं वाटणी केली होती. विज्ञान कंपनीला दिलं आणि अध्यात्म आम्हाला.

आम्ही बैठकीला जायचं बंद केलं. खरं म्हणजे मी बंद केलं. हे अजून दोन-चार वेळा गेले. मी विचारलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणाले, "त्यांचा नाइलाज असेल गं. वरून दाब असेल. शिकवलेलं तर खोटं नाही ना?" मला त्या वेळी साहेबांपेक्षा यांचा राग आला. पण लछमनदासांनी ज्या दिवशी चौकशीची गोष्ट ऐकली त्या दिवसापासून ते गेले नाहीत. एकदा बाजारात भेटले, मला म्हणाले, "भाभी, मैं तो बनिया हूँ, माप में कभी गड़बड़ की तो वहीं बैठके बोल दिया. साहब ने आज तक नहीं बोला."

पुढे हे कामाला जाण्याच्या अवस्थेत राहिले नाहीत. आम्ही अंबरनाथची खोली सोडून बदलापूरला माझ्या भावाकडे आलो. तिथे बारवीकडची हवा चांगली येते, झाडं आहेत. पण तोवर उशीर झाला होता. हे अंथरुणावर बसून असायचे, आडवं होता यायचं नाही. शेवटचे दिवस वाईट गेले. जाताना ते शांत नव्हते. माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर निळा पडला. "खिडकी उघड, खिडकी उघड" म्हणत होते आणि खिडकी उघडीच होती. मी त्यांना सारखी सांगत होते, उघडी आहे, उघडी आहे. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

साहेब भेटायला आले नाहीत. निरोप पाठवला. तोवर ते निवृत्त होऊन बदलापूरलाच, कात्रपला फ्लॅट घेऊन राहायला आले होते. अंबरनाथची हवा वहिनींना मानवत नव्हती, असं कोणी तरी सांगितलं.

मला कात्रपच्या एका बालवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. पोरांना शू-शीला नेणं, डबे उघडून देणं. त्या कामात बोलावं लागतं ते लहान मुलांशी, ते मला जमतं.

नवरात्रात बालवाडीच्या मैदानात मांडव घातला होता आणि रोज संध्याकाळी एक व्याख्यान. आमच्या बाई म्हणाल्या, "आज सतरंज्या घालायला थांब. मोठे विद्वान येणार आहेत. विज्ञान आणि अध्यात्म यावर बोलतात." मी नाव विचारलं नाही. मला कळलं.

साहेब म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच होता. मी उजव्या बाजूला, बायकांच्या मागे, खांबाला टेकून बसले. लोक खिळून ऐकत होते. थेंब, अणू, आकाश, प्राण, सगळं एका दोऱ्यात ओवत होते. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "मी तुम्हाला एका साध्या कामगाराची गोष्ट सांगतो."

मी खांब सोडून सरळ बसले.

"त्याला श्वासाचा विकार होता. औषधांनी हात टेकले होते. मी त्याला श्वासाचंच साधन दिलं. रोग शरीरात होता, पण तो मनानं मुक्त झाला. कोणाबद्दल तक्रार नाही, कटुता नाही. आणि गेला तो कसा? स्वतःच्या शेवटच्या श्वासाकडे बघत, हसत गेला. विज्ञान जिथे थांबलं तिथून अध्यात्मानं त्याचा हात धरला."

साहेबांची नजर लोकांवरून फिरत फिरत खांबापर्यंत आली आणि थांबली. त्यांनी मला ओळखलं. चेहरा उजळला, खरोखर उजळला. त्यांनी माइक हातात घेतला. "योगायोग बघा. त्यांच्या पत्नी आज इथे बसल्या आहेत. ताई, तुम्हाला माझा नमस्कार." आणि त्यांनी हात जोडले.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. टाळ्या सुरू झाल्या. बायका मागे वळून माझ्या हाताला, पदराला हात लावत होत्या. टाळ्या ओसरल्या आणि मी म्हणाले, "तसं नाही झालं."

माझा आवाज तो केवढा. पण टाळ्या थांबलेल्या होत्या आणि पुढच्या रांगांपर्यंत तो गेला असावा. मंडळाचा एक कार्यकर्ता माझ्याजवळ उभा होता. साहेबांनी त्याला माइकवरूनच विचारलं, "काय म्हणताहेत त्या?"

मी परत म्हणाले, "तसं नाही झालं. ते हसत नव्हते."

कार्यकर्त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्टेजकडे. मोठ्यानं म्हणाला, "सर, त्यांना भरून आलंय."

"स्वाभाविक आहे," साहेब म्हणाले. पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, ठेवला. मग पुन्हा बोलायला लागले. आवाजात जराही फरक नव्हता. एकेका वाक्याला लोक माना डोलवत होते. पण तिथपासून भाषण संपेपर्यंत त्यांनी आमच्या बाजूला पाहिलं नाही. डावीकडच्या लोकांकडेच तोंड करून बोलत राहिले, आणि आमच्या अर्ध्या मांडवाला त्यांचा फक्त कान दिसत होता.